टायरची अदलाबदल केल्यानंतर ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरते : दोष नेमका कुठे शोधावा?

मंदगती (धागाकर्ता)

माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक असून टायर १८५/६५ आर १५ या मापाचे आहेत. ते ३१,००० किलोमीटर चालले असून त्यांची अदलाबदल एकदाही झाली नव्हती. पहिली अदलाबदल १०,००० च्या आसपास व्हायला हवी होती, हे मला ठाऊक आहे. आळसाचे समर्थन करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. गेल्या रविवारी मी घरीच जॅक लावून हे काम केले. पुढची दोन्ही चाके आपापल्या बाजूने सरळ मागे नेली आणि मागची दोन्ही तिरपी पुढे आणली, म्हणजे जे चाक मागे डावीकडे होते ते आता पुढे उजवीकडे आहे. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण नसल्याने त्याबाबत अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी महामार्गावर ९० चा वेग गाठताच स्टिअरिंग थरथरू लागले. ९५ ते १०० या टप्प्यात थरथर सर्वांत जास्त असते आणि ११० ओलांडले की पुष्कळ कमी होते. ८० च्या खाली तिचा मागमूसही नसतो. ब्रेक दाबल्याने ती वाढत नाही. सीट किंवा पायाखालचा पत्रा हलत नाही, केवळ स्टिअरिंग हलते. चारही टायरमधील हवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पुढे आणि मागे वेगवेगळी भरली आहे. अदलाबदलीपूर्वी ही गाडी याच रस्त्यावर याच वेगाने शांतपणे चालत होती, त्यामुळे चालत्या गाडीला मी आपल्याच हाताने खीळ घातली की काय, असे वाटू लागले आहे. तपासाची सुरुवात कुठून करावी?

एकोणीसचा पाना

इतर काहीही करण्यापूर्वी आणि गाडी पुन्हा रस्त्यावर नेण्यापूर्वी चारही चाकांचे नट तपासा. चाके नुकतीच काढून बसवली आहेत आणि आता गाडी थरथरते आहे, एवढे दोनच धागे हाती असताना सैल नट ही शक्यता सर्वांत आधी खोडून काढली पाहिजे. ती सर्वाधिक संभवनीय आहे म्हणून नव्हे, तर ती खरी ठरल्यास चाक निखळू शकते म्हणून. नट सैल असल्यास थरथर सहसा कमी वेगालाही जाणवते, दिवसागणिक वाढते आणि हळू वळताना चाकातून टकटक आवाज येतो. तुमची लक्षणे तशी दिसत नाहीत, तरीही नट तपासाच. आपण ते कशाने आवळले होते, हेही सांगावे.

मंदगती

आपल्या सूचनेप्रमाणे सर्व १६ नट तपासले. मी ते गाडीसोबत आलेल्या साध्या पान्याने, शेवटी पायाचा जोर देऊन आवळले होते. आज टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरालाच नट आवळणारा पाना) आणून पुस्तिकेतील ११० न्यूटन मीटर या आकड्याला लावून पाहिले. बहुतेक नट जागचे हलले नाहीत, कारण ते बहुधा आवश्यकतेपेक्षा जास्तच आवळलेले होते. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट मात्र जवळजवळ पाव फेरा फिरला. त्यानंतर गाडी चालवून पाहिली, तर थरथर जशीच्या तशी आहे.

चाकोरी

पाव फेरा फिरलेला तो नट विसरू नका, त्याकडे पुन्हा यावे लागेल असे मला वाटते. तूर्तास मूळ मुद्दा मांडतो. चाकांची अदलाबदल बहुधा नवा दोष निर्माण करत नाही. मागे निमूट बसलेला दोष ती पुढे आणून ठेवते. मागच्या चाकाचे संतुलन थोडे बिघडलेले असेल तर त्याचा कंप सीट आणि पत्र्यातून येतो, आणि सीटच्या फोममध्ये इतका मुरतो की चालकाला त्याची सवय होऊन जाते. तेच चाक पुढे आले की त्याचा कंप स्टिअरिंगच्या जोडणीतून थेट तळहातात पोचतो. त्यामुळे ‘आधी गाडी शांत होती’ हे आपले निरीक्षण खरे असले, तरी ‘आधी दोष नव्हता’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

आपण दिलेल्या लक्षणांनी बऱ्याच गोष्टी आपोआप बाद होतात. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नसल्याने ब्रेक डिस्कवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. केवळ वेग वाढवताना गाडी थरथरली असती आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थांबली असती, तर मी चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटकडे बोट दाखवले असते. बेअरिंग खराब असते तर थरथरीपेक्षा घरघर ऐकू आली असती आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की ती बदलली असती. इंजिनाविषयी शंका असल्यास ९५ चाच वेग ठेवून एकदा चौथ्या आणि एकदा पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहा. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर ती चाकांच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे हे निश्चित होते.

या सर्वांतून उरते ती पुढची दोन चाके, म्हणजेच कालपर्यंतची मागची दोन चाके. त्यांचे बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून संतुलन, करून घ्या.

तिसरा गिअर

मंडळी इतक्या खोलात का शिरत आहेत, हे मला समजत नाही. टायर बदलले की व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, हा साधा नियम आहे. माझ्या गाडीला असाच त्रास होता. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकदमच करून घेतले आणि तो गेला.

चाकोरी

दोन औषधे एकदम घेतल्यावर गुण कशाने आला हे सांगता येत नाही, हीच अडचण आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे रस्त्याशी आणि एकमेकांशी असलेले कोन. ते बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहते आणि टायरची एक कड लवकर झिजते. ठरावीक वेगालाच होणारी थरथर ही फिरणाऱ्या वस्तूची तक्रार असते आणि अलाइनमेंटचे कोन काही फिरत नाहीत. चुकीच्या कोनांमुळे टायर वेडेवाकडे झिजून पुढे कंप येऊ शकतो, हे मान्य आहे. पण मग झिजलेला टायर अलाइनमेंट करून सरळ होत नाही.

गणिताचा किडा

थरथर ९५ ते १०० लाच का, याचे उत्तर आकड्यांत मिळते. या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ९५ च्या वेगाला गाडी सेकंदाला २६.४ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा फेरे घेते. दुसऱ्या बाजूला, स्प्रिंगखाली लटकणारी चाक, हब (ज्यावर चाक नटांनी बसते तो फिरणारा भाग) आणि ब्रेक ही सारी जोडणी साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा वर-खाली होऊ पाहते. ती तिची स्वाभाविक लय असते. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यासारखे होते आणि छोटा दोषही मोठा भासतो. वेग आणखी वाढला की ही लय सुटते, म्हणून ११० च्या पुढे स्टिअरिंग शांत झाल्यासारखे वाटते. दोष मात्र तिथेही असतोच.

हा धक्का किती असतो, तेही पाहा. रिमच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून सुमारे १९ सेंटिमीटरवर, केवळ २० ग्रॅमचा फरक असला तरी ९५ च्या वेगाला तो जवळजवळ पावणेतीन किलोच्या ओढीइतका जोर लावतो आणि हा जोर चाकाबरोबर गरगर दिशा बदलत राहतो. ५० च्या वेगाला तोच फरक जेमतेम पाऊण किलोची ओढ देतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गावातल्या रस्त्यांवर वर्षभर न जाणवलेला दोष महामार्गावर दहा मिनिटांत का जाणवतो, हे त्यावरून लक्षात येईल.

मंदगती

आपण सुचवलेली गिअरची चाचणी केली. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये थरथर एकसारखीच आहे. त्यानंतर चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. पुढच्या उजव्या चाकाला आतल्या बाजूने २५ ग्रॅम कमी पडत होते आणि रिमवर त्याच बाजूला जुने चिकटवलेले वजन गळून गेल्याची चौकोनी खूण स्पष्ट दिसत होती. ‘चाकोरी’ यांचे निदान इथे तंतोतंत खरे ठरले, कारण हे चाक आधी मागे होते. उरलेल्या तीन चाकांत ५ ते १० ग्रॅमचाच फरक निघाला. सर्व चाके मशीनवर शून्यावर आणली गेली.

परंतु थरथर पूर्णपणे गेलेली नाही. अंदाजे निम्मी कमी झाली आहे, आता ती ९५ च्या आसपासच्या अरुंद टप्प्यात येते आणि तिचे स्वरूपही थोडे बदलले आहे : पूर्वी स्टिअरिंगला बारीक, वेगवान कंप होता, आता ते डावी-उजवीकडे किंचित डोलते. बॅलन्सिंग करणाऱ्यांचे म्हणणे असे की मशीन शून्य दाखवते, तेव्हा चाकांत दोष नाही. मशीन खोटे बोलणार नाही, हे मलाही पटते. मग स्टिअरिंग का हलते?

जुना टायर

मशीनवरचा शून्य आणि रस्त्यावरचा गोल टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधे बॅलन्सिंग मशीन वजनाचे वाटप मोजते, आकार मोजत नाही. अंडाकृती टायरलाही योग्य ठिकाणी वजने चिकटवून शून्यावर आणता येते. पण रस्त्यावर तो अंड्यासारखाच चालतो. शिवाय टायर बाहेरून गोल दिसला तरी त्याच्या भिंतींचा ताठपणा सगळीकडे सारखा नसेल, तर भाराखाली दर फेऱ्याला एकदा तो उचल खातो. यासाठी रोलर दाबून चाक तपासणारी रोड फोर्स मशीन असतात. नव्या टायरवर अनेकदा लाल ठिपका दिसतो तो याच उंच जागेचा असतो आणि रिमवर सखल जागेची खूण असल्यास तो तिच्यासमोर ठेवून टायर चढवतात. पिवळा ठिपका हलक्या जागेचा असून तो हवेच्या वाल्व्हजवळ ठेवतात.

आपण एवढ्या पुढे जाण्यापूर्वी टायरच्या पृष्ठभागावरून आणि दोन्ही भिंतींवरून हात फिरवून पाहा. कुठेही फुगवटा किंवा उंचवटा लागला, तर आतले तारांचे थर सुटत आहेत असे समजावे आणि तो टायर त्याच दिवशी काढून टाकावा. तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

एकोणीसचा पाना

‘जुना टायर’ यांचे म्हणणे योग्य आहे, पण खर्चिक तपासाआधी एक फुकटचा तपास शिल्लक आहे आणि माझा संशय तिथेच आहे. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून केंद्रित केले जाते. गाडीवर मात्र ते हबच्या चपट्या तोंडावर टेकते आणि हबची मधली कड किंवा नटांचे निमुळते तोंड त्याला केंद्रात आणते. हब आणि रिम यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा अडकला असेल, तर चाक मशीनवर निर्दोष आणि गाडीवर वाकडे बसलेले असू शकते. मशीन खोटे बोललेले नसते. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

हिशोब ‘गणिताचा किडा’ अधिक नीट करतील, पण ढोबळमानाने सांगतो. हबचे टेकण्याचे तोंड साधारण १४ सेंटिमीटर व्यासाचे धरा आणि टायर ६२ सेंटिमीटरचा. हबच्या कडेला ०.३ मिलिमीटरचा पापुद्रा राहिला, तर टायरच्या कडेला तोच फरक चौपटीहून मोठा होऊन १.३ मिलिमीटर दिसतो. आपण म्हणता तसे स्टिअरिंगचे डावी-उजवीकडे डोलणे हे अशा लचकत फिरणाऱ्या चाकाचे लक्षण आहे.

मोजणी घरी करता येते. हँडब्रेक लावून आणि मागच्या चाकांना ओट लावून पुढचे एक चाक जॅकने उचला, गाडीखाली आधाराचा स्टँड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. एखाद्या जड वस्तूला तार बांधून तिचे टोक टायरच्या भिंतीपासून दोन मिलिमीटरवर स्थिर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कुठे कमी-जास्त होते, त्या जागी खडूने खूण करा. नंतर तारेचे टोक टायरच्या पाठीसमोर आणून हेच पुन्हा करा. पहिल्या मोजणीत चाक आडवे लचकते का ते कळेल, दुसरीत वर-खाली उडते का ते. डोळ्यांना सहज दिसणारा एक-दीड मिलिमीटरचा फरक थरथरीला पुरेसा आहे. फरक सापडला तर चाक काढून हबवर दोन नट पुढे बसवा आणि पुन्हा मोजा. मोठा फरक चाकाबरोबर सरकला तर दोष चाकात, तिथेच राहिला तर हबच्या तोंडावर.

मंदगती

काल संध्याकाळी दोन्ही बाजू मोजल्या. पुढचे उजवे चाक जवळजवळ स्थिर फिरते. पुढचे डावे चाक मात्र दीड मिलिमीटर तरी आडवे लचकत होते. वर-खाली फरक नगण्य होता. ज्या चाकाचा नट पाव फेरा फिरला होता, तेच हे चाक. ते काढून अर्धा फेरा फिरवून बसवले, तर मोठा फरक हबवरील त्याच जागी राहिला.

चाक पुन्हा काढले आणि उजेडात पाहिले. हबच्या तोंडावर एका बाजूला नखाएवढा गंजाचा पापुद्रा दाबला जाऊन चकाकत होता. तो तिथे कसा आला, याचेही स्मरण झाले : रविवारी हे चाक हबला घट्ट चिकटले होते, म्हणून मी टायरवर आतून लाथा मारून ते सोडवले होते. तेव्हा सुटलेला पापुद्रा खाली न पडता तिथेच राहिला असावा आणि मी न पाहता त्यावर दुसरे चाक चढवले. शिवाय पहिला नट पूर्ण आवळूनच मी दुसऱ्याकडे वळलो होतो.

तारेच्या ब्रशने हबचे तोंड, मधली कड आणि चारही रिमांच्या मागची बाजू धातू दिसेपर्यंत घासली. चाक हवेत असतानाच चारही नट हाताने फिरवून टेकवले, मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि गाडी जमिनीवर उतरवून दोन टप्प्यांत ११० न्यूटन मीटरपर्यंत नेले. पुन्हा मोजले तेव्हा लचक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली होती. आज सकाळी ८० ते ११५ पर्यंत गाडी चालवली. स्टिअरिंग शांत आहे.

चाकोरी

अभिनंदन, आणि माझ्या वाक्याला दुरुस्ती. अदलाबदल दोष निर्माण करत नाही, केवळ हलवते, असे मी बहुधा हा शब्द पुढे करून लिहिले होते. आपल्या गाडीत एक दोष मागून पुढे आला होता आणि दुसरा त्याच दिवशी तयार झाला होता. दोन्ही एकाच वेगाला बोलत असल्याने एकच वाटत होते. निम्मा फरक पडल्यावर आपण थांबला नाहीत, म्हणून दुसरा सापडला.

तिसरा गिअर

अलाइनमेंटबाबत माझा मुद्दा मागे घेतो. एक प्रश्न मात्र आहे : हबवर पुन्हा गंज चढू नये आणि नटही सहज सुटावेत म्हणून सगळीकडे ग्रीस लावून ठेवले तर चालेल का?

एकोणीसचा पाना

हबच्या मधल्या कडेवर, जिथे रिमचे भोक बसते तिथे, गंजरोधक पेस्टचा अगदी पातळ हात फिरवायला हरकत नाही. बोल्टच्या आट्यांवर आणि नटाच्या निमुळत्या तोंडावर मात्र काहीही लावू नका, कारण पुस्तिकेतील टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे तेलकट असल्यास तोच आकडा दाखवत असताना बोल्टवर प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताण येतो आणि तो ताणला जाऊ शकतो. ग्रीस उडून डिस्कवर गेल्यास ब्रेकचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

गणिताचा किडा

धागाकर्त्यांना एक विचारायचे राहिले. मागचे टायर इतकी वर्षे मागेच राहिल्याने त्यांच्या नक्षीच्या ठोकळ्यांना करवतीसारखी धार आली असणार. आता ते बाजू बदलून उलट्या दिशेने फिरत आहेत. आवाज येत नाही का?

मंदगती

येतो. ५० ते ७० च्या वेगाला पुढून घोंगावल्यासारखा हलका आवाज आहे. हात एका दिशेने फिरवला तर नक्षी गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर ठोकळ्यांच्या कडा बोचतात, म्हणजे आपण म्हणता तीच झीज आहे. वळणावर आवाज बदलत नाही, त्यामुळे बेअरिंगचा संशय सोडून दिला आहे. ठोकळे उलट बाजूने झिजून सपाट होण्यास काही हजार किलोमीटर जातील, तोवर तो सहन करीन. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही पाहिले. तेल गळत नाही आणि टायरवर खोलगट चकत्या पडलेल्या नाहीत.

शंभर किलोमीटर झाल्यावर आज टॉर्क रेंच पुन्हा लावला. पंधरा नट हलले नाहीत. पुढच्या डाव्या चाकाचा तोच एक नट किंचित फिरला, फेऱ्याचा आठवा भागही नसेल. आणखी शंभर किलोमीटरनंतर तो पुन्हा पाहणार आहे.